दार नसलेलं यान

परवा नातवाला घेऊन रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघून आले. बाहेर पडताना त्यानं विचारलं, "आजी, सगळ्यात जवळच्या ताऱ्यावर जायला किती दिवस लागतील?"

माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, पण भागाकार येतो! घरी येऊन दोघांनी हिशेब मांडला. प्रॉक्सिमा सेंटॉरी सुमारे ४.२ प्रकाशवर्षं दूर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला साधारण १७ किलोमीटर धावतं. त्या वेगानं सत्तर हजारांहून जास्त वर्षं! वेग शंभरपट केला तरी सातशेच्या वर. म्हणजे निघणार एक पिढी आणि पोचणार पंचविसावी-तिसावी. मधल्या सगळ्यांचा जन्म-मृत्यू यानातच.

विज्ञानकथांमध्ये अशी यानं जुनी आहेत. हाइनलाइनच्या १९४१ च्या 'युनिव्हर्स' कथेत तर आपण यानात आहोत हेच लोक विसरून गेलेले असतात.

नातू म्हणाला, "त्यात काय! जन्माआधी कोणालाच कुणी विचारत नाही."

खरं आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. करार ठरावीक वर्षांचा, पण कित्येकांची नातवंडं तिथलीच झाली. त्यांना कुणी विचारलं होतं? आज तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पण तिथं पायाखाली जमीन होती. मजुराच्या नातवाला मळा सोडून मास्तर होता आलं.

यानात हवा मोजून, पाणी मोजून, म्हणून माणसंही मोजून. शेती पिकवणारे इतके, यंत्रं सांभाळणारे इतके. मुलं किती, लग्न कुणाशी, तेही ठरलेलं. एखादी मुलगी म्हणाली, "मला हे काम नको," तर तिला सांगणार, तुझ्या नकारानं सगळे मरतील.

जन्मानं ठरलेलं काम, ठरलेलं लग्न, बाहेर पडायला दार नाही... ही व्यवस्था ओळखीची वाटते ना?

निदान नागपूरकरांना तरी वाटायला हवी. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं, आपल्या दीक्षाभूमीवर, लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. पूर्वजांच्या काळापासून बंद असलेल्या भिंतीत त्यांनी दार पाडलं. यानाच्या भिंतीत दार पाडलं तर बाहेर श्वास घ्यायला हवाही नाही.

एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाला मी म्हटलं होतं, "तुला गणित कशाला हवं? वडिलांचं काम आहेच की." तो मान खाली घालून बसला. त्याच्यासाठी मीही एक यानच बांधत होते. आज तो कुठे आहे, ठाऊक नाही. वर्गाचं दार तरी उघडं होतं, एवढंच समाधान.

पृथ्वीवर जगणंच अशक्य झालं तर गोष्ट वेगळी, बुडता माणूस नाव निवडत नाही. पण नुसत्या कुतूहलापोटी किंवा कीर्तीसाठी, जन्मालाही न आलेल्या पोरांना कामाला जुंपू नये. स्वतःचं आयुष्य पणाला लावावं, खुशाल! पणतूचं लावायचा हक्क आपल्याला नाही.

नातवाला हे पटलेलं नाही. तो वाद घालतोय. घालू दे... दार उघडं आहे!

तुम्हाला काय वाटतं?