सेविकेच्या हातातील फोन

अंगणवाडी सेविकांना फोन वापरता येत नाही म्हणून त्या कुरकुर करतात, असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांची आपल्याकडे उणीव नाही. याइतका अन्याय्य आरोप मी क्वचितच ऐकला आहे. २०१९ साली दिलेले मोबाइल महाराष्ट्रातील सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाला परत केले, कारण ते वारंवार बिघडत आणि केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते. मराठीतून काम करणाऱ्या बाईपुढे इंग्रजी रकाने ठेवायचे आणि वर तिलाच अडाणी ठरवायचे, हा कोणता न्याय?

प्रश्न भाषेपुरताही नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून सेविकेला मिळते ते मानधन. त्याला वेतन म्हणण्याचे औदार्य शासनाने दाखविलेले नाही. तरीही या भगिनी टिकल्या. खंगलेले मूल पुढच्या महिन्यात काट्यावर दोनशे ग्रॅमनी वाढलेले दिसले की जे समाधान लाभते, त्यावर त्या टिकल्या. आता ते वजन ॲपवर चढेपर्यंत जणू घेतलेलेच नसते! १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहऱ्याची ओळख पटविणे सक्तीचे झाले. जिला सेविका ती सून म्हणून गावात आली त्या दिवसापासून ओळखते, तिला यंत्राने ओळखले नाही तर बोल कोणी खायचे? सेविकेनेच.

नोंदवह्यांचा काळ सोन्याचा होता, असे माझे म्हणणे नाही. ते ओझे फोनने खरोखर हलके करता आले असते. पण वहीच्या कडेला ‘आई आजारी, आजी सांभाळते’ असे लिहिता येई. ठरीव रकान्यांत या वाक्याला जागा कुठली?

यंत्र श्रमिकाचे सहायक असते, परंतु त्याच्या कामातील समाधान व जबाबदारी हिरावून घेऊ लागले तर तेच त्याचे वैरी बनू शकते, असा इशारा पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमविषयक परिपत्रकात १९८१ सालीच दिला होता. आपण ते परिपत्रक कारखान्यांपुरते वाचले. अंगणवाडीच्या दारापर्यंत नेले नाही.

ॲप तयार करताना सेविकांना विचारावे. जिथे यंत्र चेहरा ओळखण्यात चुकेल, तिथे सेविकेची सही ग्राह्य धरावी आणि त्या दिवशीचा शिधा त्याच दिवशी मातेच्या हाती पडावा. हे मान्य करण्यास शासनाला कोणते नवे यंत्र लागणार आहे?