सुईला दृष्टी हवी

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मोफत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु डायलिसिसची यंत्रे मांडली म्हणजे शासनाचे कर्तव्य संपले, असे आम्हांस वाटत नाही. रुग्णाचे रक्त यंत्रापर्यंत नेणारी वाटच धड राहिली नाही, तर ते यंत्र काय कामाचे?

ही वाट म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळची धमनी व शीर एकमेकींस जोडण्याची ही शस्त्रक्रिया ब्रेशिया, सिमिनो प्रभृती डॉक्टरांनी १९६६ साली न्यूयॉर्कहून जगापुढे मांडली. धमनीच्या जोरकस प्रवाहाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि ती वारंवार सुया सोसू लागते. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस दोन सुया; म्हणजे वर्षाकाठी तीनशे बारा! एखादी सुई शिरेच्या आरपार गेली की हात सुजून काळानिळा होतो आणि त्या दिवसाचे डायलिसिस अडते. शीर गुठळीने बंद पडली, तर बहुधा मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यावाटे जंतुसंसर्गाचे भय वाढते. अशा जोडणीस योग्य शिरा माणसाच्या हातांत मोजक्याच असतात. एक गमावणे म्हणजे आयुष्याची शिदोरी घटणे होय.

डोळ्यांनी पाहणे, बोटांनी थरथर जाणणे व स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे, ही तपासणी आजही पहिलीच राहिली पाहिजे. तथापि शीर किती खोल आहे, कोठे आवळली आहे, हे बोटांना नेमके कळत नाही. खाटेशेजारी आणलेले लहानसे सोनोग्राफी यंत्र ते काही मिनिटांत दाखविते. शीर सहा मिलिमीटर रुंद, त्वचेखाली सहा मिलिमीटरांहून कमी खोल आणि प्रवाह मिनिटास सहाशे मिलिलिटर, हा तज्ज्ञांचा ठोकताळा. तो बोटांनी कसा मोजावा? प्रत्येक फिस्टुलाची सरसकट सोनोग्राफी करावी, असे आमचे म्हणणे नाही. तशा उपायाचा लाभ निर्विवाद सिद्ध झालेला नाही. परंतु नवी शीर पक्व होत नसेल, सुई लागत नसेल किंवा प्रवाह मंदावला असेल, तेव्हा अंदाजाने टोचत राहणे हा रुग्णावर अन्याय आहे.

येथे कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. यंत्राची व जागेची नोंदणी, वापरणाऱ्या डॉक्टरांची पात्रता आणि, २०१२ पासून, हलविता येणाऱ्या यंत्रांवर विशेष मर्यादा, अशी त्याची चौकट आहे. डायलिसिसच्या तंत्रज्ञाने सुई टोचताना हे यंत्र हाती घ्यावे, अशी सोय तीत नाही. ही कडकाई अकारण नव्हे. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. हा कलंक विसरून कायदा सैल करा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

पण कायद्याचा हेतू कन्येचे रक्षण हा आहे; मूत्रपिंडाच्या रुग्णाची शीर अंधारात ठेवणे हा नव्हे. केवळ त्वचेलगतचे चित्र देणारा, बदलता न येणारा प्रोब असलेली यंत्रे डायलिसिस विभागांसाठी वेगळी नोंदवावीत. प्रत्येक वापराची नोंद यंत्रातच आपोआप राहावी. आणि प्रशिक्षित तंत्रज्ञांस डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हाताळू द्यावीत. नियमात एवढी दुरुस्ती होईपर्यंत, निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पात्र डॉक्टर व नोंदणीकृत यंत्र डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था शासनास आजही करता येईल. मोफत डायलिसिस देणाऱ्या शासनाने तेवढ्यासाठी हात आखडता घेऊ नये. आपल्या हातावर वर्षाला तीनशे सुया सोसणाऱ्या माणसाची ही मागणी अवाजवी खासच नाही.