नंदू भेंडे यांचा हिशेब बाकी आहे

गायकाने कंपनी सोडली की काय होतं, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांनी बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी राहिली. दोघांच्याही मागोमाग प्रेक्षक गेला, कारण तिकीट गाणाऱ्याच्या नावावर खपत होतं.

सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गाणाऱ्या मराठी मुलाच्या नशिबी हे नव्हतं.

आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘वेल्व्हेट फॉग’ अशा बॅन्डमधून गायचे. तेव्हाचे बहुतेक बॅन्ड परदेशी गाणी वाजवत. इंग्रजी गाणाऱ्या देशी गायकाचा स्वतंत्र अल्बम काढण्यात रेकॉर्ड कंपन्यांना फारसा रस नव्हता. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारूख बल्सारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरीने १९८५ मध्ये ‘मिस्टर बॅड गाय’ हा एकट्याचा अल्बम काढला, १९८८ मध्ये मॉन्सेरात काबाये यांच्यासोबत ‘बार्सिलोना’ केला. दोन्ही वेळा मागे त्याचा ‘क्वीन’ हा बॅन्ड शाबूत होता आणि पाठीशी मोठी बाजारपेठ होती. भेंडे यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

त्यांच्याकडे नाटक होतं. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते ज्यूडास झाले. रॉकचा वरचा, फाटू पाहणारा सूर ज्या भूमिकेला हवा, तीच ही भूमिका. मग १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. मूळ नाटक ब्रेश्टचं, संगीत कुर्ट वाइलचं, प्रयोग १९२८ च्या बर्लिनमधला. मराठी रूपांतर पु. ल. देशपांडे यांचं आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यात भेंडे मुख्य भूमिकेत होते आणि संगीतातही त्यांचा हात होता. नाट्यपदं आणि लावणीवर वाढलेल्या प्रेक्षकांसमोर एक रॉक गायक मराठीत गात होता.

पुढे १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी त्यांच्याकडून ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गाऊन घेतलं. रंगमंचावर ज्यूडास झालेला हा गायक पडद्यामागून कृष्णाचा धावा करत होता! देशभर गाणं वाजलं, पण ते ओळखलं गेलं मिथुनच्या नाचामुळे. ‘तमाशा’चं श्रेयही पु. ल. आणि जब्बार यांच्याच नावावर जमा झालं. त्यांचं श्रेय मोठं आहेच. पण आपल्या नाट्यसमीक्षेने भेंडे यांना पाहुणा कलाकार मानलं आणि इंग्रजी संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्यांचं मराठी काम ओझरतं पाहिलं. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले, तेव्हाही हे दोन कप्पे वेगळेच राहिले.

खरं तर बॅन्डबाहेर पडलेल्या गायकाची ही कारकीर्द तोकडी नव्हती. अल्बम मोजायला गेलं तर ती लहान दिसते. मराठी रंगमंचाला मिळालेला नवा आवाज मोजला तर ती मोठी ठरते. फिरोदिया करंडकात गिटार आणि ड्रम घेऊन नाटक रंगवणारी पुण्यातली कॉलेजची मुलं त्याच वाटेने चालली आहेत. ही वाट आधी कोणी तुडवली, ते मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

‘तमाशा’त काम केलेले काही कलावंत आजही पुण्यात आहेत. त्यांच्याकडून त्या चाली, वाद्यमेळ आणि तालमींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्यायला फार मोठा निधी लागणार नाही. पुण्यातल्या नाट्यसंस्थांनी आणि विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने हे काम एकत्र येऊन हाती घ्यावं, आणि ज्यांच्या घरी त्या प्रयोगांच्या कॅसेट, छायाचित्रं किंवा कार्यक्रमपत्रिका असतील त्यांनी त्या रद्दीत जाण्याआधी या संस्थांच्या हवाली कराव्यात.