नगांची मोजदाद आणि कामाचे मोल

नेमणुकीचे पत्र घरात आले की ते देवापुढे ठेवले जाते, पेढे वाटले जातात. त्या पत्रात लिहिले काय आहे, हे मात्र सहसा कोणी काळजीपूर्वक वाचत नाही. अकरावी-बारावीला माझ्या वर्गात असलेला आणि पुढे आयटीआय पूर्ण करून वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात लागलेला एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी असेच पत्र घेऊन भेटावयास आला होता. पत्रात त्याच्या कामाची चौदा कलमे होती. यंत्र पुसणे, माल उचलणे, वहीत नोंद करणे इत्यादी. आणि शेवटचे कलम अर्थातच 'वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे' हे होते. मी त्याला विचारले, "तुझे काम चांगले झाले की वाईट, हे कशावरून ठरते?" तो हसला आणि म्हणाला, "सर, ते पत्रात नाही. ते प्रेसशेजारच्या फळ्यावर आहे. पाळीला किती नग, एवढाच आकडा."

आपल्या औद्योगिक व्यवस्थापनाचे दुखणे या एका उत्तरात सामावलेले आहे. एकीकडे कर्तव्यांची लांबलचक यादी, जिच्यातून कामाचा हेतू कळत नाही. दुसरीकडे एक उघडाबोडका आकडा, ज्यातून हेतूखेरीज अन्य काहीच कळत नाही. या दोहोंच्या मध्ये जे असावयास हवे, म्हणजे 'या कामातून कोणते फळ अपेक्षित आहे आणि ते मिळविण्यासाठी कामगाराला काय दिले जाईल' याचे स्पष्ट, लेखी निवेदन, ते कोठेच नसते.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास निमित्त आहे. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र त्याच वेळी स्थायी आदेशांची सक्ती, जी १९४६च्या कायद्यानुसार शंभर कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होत असे, ती आता तीनशेंच्या कारखान्यापासून सुरू होते. अनेक मध्यम कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत, मालकाशी असलेल्या नात्याचा मुख्य लेखी आधार यापुढे नेमणूकपत्र हाच राहणार. तेव्हा त्या कागदावर काय लिहावे, हा केवळ कारकुनी प्रश्न उरलेला नाही.

कामांच्या यादीचा दोष असा की, यादी पाळूनही काम बिघडू शकते. प्रेसवरच्या कामगाराने चौदाही कलमे पाळली आणि तरीही पेटीत तडे गेलेले नग पडत राहिले, तर त्याने कसूर केली असे म्हणता येत नाही. ज्याला आपण पाट्या टाकणे म्हणतो ती वृत्ती आळसातून जितकी जन्मते, तितकीच अशा याद्यांतूनही जन्मते. उलट त्याच कामगाराला असे सांगितले की, 'पाळीअखेर अमुक इतके निर्दोष नग, टाकाऊ मालाचे प्रमाण अमुक मर्यादेच्या आत, एकही अपघात नाही, आणि पुढच्या पाळीला यंत्र स्वच्छ व बिघाडांच्या नोंदीसह सुपूर्द', तर त्याच्या विचारशक्तीला वाव मिळतो. नग कोठे चिकटतो, डायची धार केव्हा जाते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

हा विचार नवा नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा पुरस्कार केला, तेव्हा कामगाराने विचार करू नये, सांगितलेली हालचाल सांगितलेल्या क्षणी करावी, हे त्याचे सूत्र होते. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणारा माणूस दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, असे टेलरने अभिमानाने नमूद केले आहे. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट आणि मजुरीत वाढ साठ टक्के, हा हिशेब वाचकांनी स्वतःच तपासून पाहावा. पुढे १९५४ साली पीटर ड्रकर यांनी दिशा बदलली. कृतीऐवजी उद्दिष्टावर लक्ष द्यावे, असे त्यांनी सांगितले. परंतु उद्दिष्टांच्या जोडीला 'स्वनियंत्रण' हा शब्दही त्यांनी आवर्जून ठेवला होता. दुर्दैवाने कारखानदारांनी उद्दिष्ट तेवढे उचलले आणि स्वनियंत्रण ग्रंथातच राहू दिले.

असे झाले म्हणजे काय होते, हे मुंबईला नव्याने सांगावयास नको. गिरण्यांतील साचेवाल्याला मजुरी कापडाच्या उत्पादनावर मिळे. वरवर पाहता याहून अधिक 'फलाभिमुख' व्यवस्था कोणती? परंतु सूत निकृष्ट आले की धागा वारंवार तुटे, साचा थांबे आणि मजुरी घटे. कापडात दोष निघाला की ते कापड साचेवाल्याच्याच गळ्यात घालून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची पद्धतही होती. कापूस खरेदी करणारा वेगळा, सूत काढणारे खाते वेगळे, आणि भुर्दंड मात्र साचेवाल्याला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळे नव्हे. १९२८ साली 'कार्यक्षमते'च्या नावाखाली विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशा योजना आल्या, तेव्हा इतर गाऱ्हाण्यांबरोबर हाही असंतोष उफाळून आला. सुमारे दीड लाख कामगारांचा तो संप सहा महिने चालला आणि गिरणी कामगार युनियनचा जन्म त्याच संपात झाला.

या अनुभवातून कायदा शहाणा झाला, हे विशेष. १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने असे ठरविले की, मालाच्या नुकसानीपोटी कपात करावयाची तर ते नुकसान थेट कामगाराच्याच हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. हे तत्त्व २०१९च्या वेतनसंहितेतही कायम आहे. माझ्या मते फलाधिष्ठित कामाच्या वर्णनाचा पाया हाच असावयास हवा. ज्या फळावर कामगाराचा ताबा आहे, त्याचीच जबाबदारी त्याच्यावर. जो तत्त्वविचार दंडाला लागू आहे, तो बढतीला, बोनसला आणि नोकरी टिकण्याला लागू का असू नये?

दुसरा धोका एकाच आकड्याचा. बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली असे दाखवून दिले की, कामाचे अनेक पैलू असताना जो सहज मोजता येतो त्याच पैलूला बक्षीस लावले, तर न मोजता येणाऱ्या पैलूंकडे दुर्लक्ष होणे अटळ असते. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रेसवर काम करणाऱ्याला हे ज्ञान केव्हाच झालेले असते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, अशी सोय हातांच्या रक्षणासाठी असते. फळ्यावरचा आकडा गाठण्यासाठी त्यातले एक बटण बांधून ठेवले जाते आणि मोकळ्या हाताने नग सरकवला जातो. सुपरवायझरला ते दिसते. तोही आकड्याला बांधलेला असतो. एखाद्या दिवशी मग नगाबरोबर बोटेही जातात. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात असे अपघात अनोळखी नाहीत. फळ्यावर नगांचा रकाना असतो, बोटांचा नसतो.

तेव्हा फलाधिष्ठित वर्णन हवे, पण काही अटींवर. पहिली अट, फळ एका आकड्यात मांडू नये; संख्या, गुणवत्ता, सुरक्षितता आणि पुढच्या पाळीकडे होणारे हस्तांतर, या चारही गोष्टी एकाच कागदावर असाव्यात. दुसरी, त्याच कागदाच्या उजव्या बाजूस व्यवस्थापनाची देणी लिहिलेली असावीत: वेळेवर कच्चा माल, धार लावलेली डाय, ठरलेल्या मुदतीत यंत्रदुरुस्ती आणि पुरेसे प्रशिक्षण. तिसरी, दोष दिसताच काम थांबविण्याचा अधिकार. टोयोटाच्या कारखान्यांत दोष आढळला तर साधा कामगारही दोरी ओढून मदत मागू शकतो, आणि वेळेत दोष दूर न झाल्यास सारी ओळ थांबते. म्हणून तेथे दोषरहित मालाची अपेक्षा कामगाराकडून करणे न्याय्य ठरते. चौथी, फळ कमी पडले तर प्रथम कारण शोधावे, माणूस नंतर. जपानी उद्योगांना गुणवत्तेचे धडे देणारे डेमिंग हेच आयुष्यभर सांगत राहिले. बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात, आणि त्यांसाठी कामगाराला धारेवर धरून ते कमी होत नाहीत.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. लहान कारखानदार म्हणेल, मला ऑर्डर पुरी करता करता नाकी नऊ येतात, हे कागद कोणी लिहावेत? त्याला उत्तर असे की, एका यंत्रासाठी एक पान पुरे; आणि ते पान फोरमनने कामगाराशेजारी बसून लिहिले, तर टाकाऊ मालातील बचतीतून त्याचा खर्च भरून निघण्याचा संभव मोठा आहे. कामगार संघटना म्हणतील, हा माणसे काढण्याचा नवा बहाणा आहे. ही भीती निराधार नाही. किंबहुना संघटित कारखान्यांतही दर पाच कामगारांमागे सुमारे दोन कंत्राटी असताना, आणि त्यांचा खरा मालक कोण हेच अनेकदा धूसर असताना, ती स्वाभाविक आहे. परंतु आकडा आजही आहेच. तो तोंडी आहे, एकतर्फी आहे आणि रोज बदलता येतो. तो कागदावर, दोन्ही बाजूंच्या सहीने आणि उजव्या बाजूच्या देण्यांसह आणणे हे कामगाराच्याच हिताचे आहे. अलिखित अपेक्षेविरुद्ध दाद मागता येत नाही.

हा केवळ कारखान्यांचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. निकालाच्या टक्केवारीवर जोखला जाणारा शिक्षक आणि निकाली काढलेल्या फायलींच्या संख्येवर जोखला जाणारा कारकून, दोघेही त्याच फळ्यापुढे उभे आहेत. आपल्याला जो अन्याय जाचतो, तो प्रेसपुढे उभ्या असलेल्या मुलाला जाचत नसेल, असे मानण्याचे कारण नाही. फरक इतकाच की त्याच्या बाबतीत पणाला बोटे लागलेली असतात.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सुचविले की, पत्र परत करू नकोस, पण सुपरवायझरला एक प्रश्न विचार: "हा आकडा गाठण्यासाठी मला काय मिळणार आहे?" नेमणूकपत्राच्या प्रत्येक नमुन्यात या प्रश्नासाठी एक रकाना राखून ठेवला, तर ते पत्र देवापुढे ठेवण्याच्या योग्यतेचे होईल.