डाळिंबाची बाग कुणाची?



सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. बागाच्या बागा संपवणाऱ्या ‘तेल्या’ रोगावर तिथे चिकाटीने काम करणाऱ्या डॉ. ज्योत्स्ना शर्मा पुढे केंद्राच्या संचालक झाल्या. मला याचं फार अप्रूप वाटतं. पण पानावरचा तेलकट डाग ओळखणाऱ्या, गुटी बांधून रोपं जगवणाऱ्या बाईला बागायतदार कोण म्हणतं? घरची असली तर ‘मदत करते’, बाहेरची असली तर मजूर!

त्याच २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका हक्क मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतातच. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचं नाव लागलं. आपल्यापैकी किती जणींचं सातबाऱ्यावर आहे? पुढच्या बैठकीला उतारे घेऊन या.