राजचिन्हांचे तेज आणि अर्थ

राजेरजवाड्यांचे जडजवाहीर पाहावयास वस्तुसंग्रहालयात गर्दी लोटते. मखमलीवर ठेवलेला मुकुट, वर प्रखर दिवे आणि भोवती जाड काच, अशी मांडणी पाहून डोळे दिपतात. 'याची किंमत केवढी असेल?' एवढाच प्रश्न मनात उठतो. माझ्या मते, जी मांडणी एवढाच प्रश्न सुचविते ती अपुरी होय.

राजचिन्हे म्हणजे नुसते सोने-माणके नव्हेत. त्यांना अर्थ असतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेथे हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंची राजचिन्हे टिपून ठेवली आहेत. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सुवर्णमुखे होती. डावीकडे घोड्यांची पुच्छे आणि भाल्याच्या टोकावर समतोल असा सोन्याचा तराजू होता. तराजू हे न्यायाचे चिन्ह, असेही तो लिहितो. तो तराजू आज आपल्यापुढे नाही; तरी त्या टिपणामुळे त्याचा अर्थ उरला आहे. उलट, तो काचेआड असता आणि खाली 'सोने, वजन अमुक तोळे' एवढेच लिहिलेले असते, तर वस्तू राहून अर्थ हरवला असता.

कोहिनूर हिऱ्याचेच पाहा. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला आणि अवघ्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाला तो हिरा देणे भाग पाडले. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात तो पुरेसा झळकत नाही म्हणून लोक हिरमुसले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. सुमारे १८६ कॅरटांचा हिरा १०६ कॅरटांच्या आत आला. झगमगाटाच्या हौसेपायी त्याचा जुना घाट कायमचा गेला! टॉवर ऑफ लंडनमध्ये २०२३ साली नवी मांडणी झाली. तीत मात्र हा हिरा जिंकून घेतल्याची खूण आहे, असे स्पष्ट सांगितले गेले.

कोणी म्हणेल, 'लोक तेज पाहावयास येतात. त्यांना इतिहास कशाला?' तेज जरूर दाखवावे. परंतु दिव्याने वस्तू दिसते, पाटीने ती कळते. वस्तू कोणाची, तिचा अर्थ काय आणि ती येथे कशी आली, या तीन गोष्टी पाटीवर असाव्यात. तिसरी गोष्ट अप्रिय असली तरी ती लपवू नये.

मुलांनो, सहलीत संग्रहालय पाहाल तेव्हा काचेपुढे क्षणभर अधिक थांबा आणि पाटी वाचा. तीवर काही लिहिलेले नसेल, तर तेथील अधिकाऱ्यांस नम्रपणे विचारा. विचारणारे प्रेक्षक वाढले, की पाट्याही बोलू लागतील.