बगदाद सापडले, बार्शी हरवली

पुण्यात बऱ्यापैकी स्थिरस्थावर झालेल्या मुस्लिम घरांत आता शजरा हवा असतो. आयतुल कुर्सीच्या तसबिरीशेजारी सोनेरी चौकटीत खानदानाची वंशावळ. वर अरबी नाव, मग बगदाद, बुखारा नाहीतर हमदान, मग एखाद्या सूफी बुजुर्गाबरोबर दख्खनमध्ये आगमन आणि तळाशी नातवंडांची नावे. असे बरेच शजरे आम्ही लक्षपूर्वक वाचले आहेत. सातशे वर्षांपूर्वीचा पूर्वज कोणत्या शहरातून निघाला, हे त्या सगळ्यांना ठाऊक असते. पण आजोबा कोणत्या गावाहून पुण्यास आले, कोणत्या साली आले, का आले, याबद्दल एक ओळही नसते. बगदाद सापडलेले असते, बार्शी हरवलेली असते.

आमचे भांडण या बार्शीसाठी आहे.

बाहेरून कोणी आलेच नाही, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी उतरले आणि तिथेच त्यांनी घरे केली. १८५७ नंतर उत्तरेतले विणकर मालेगाव-भिवंडीला आले. त्यांची बोली अजून ती हकीकत सांगते. पुण्याच्या छावणीबरोबर कच्छ-काठेवाडातून मेमन, बोहरी, खोजे आले. आगाखान घराण्याचा पुरुष १८४० च्या दशकात इराणातून हिंदुस्थानात आला. त्याची नोंद इंग्रजांच्या दप्तरात आहे, १८६६ च्या मुंबई हायकोर्टातल्या गाजलेल्या खटल्यात आहे, आणि त्याच्या नातवाने १८९२ साली बांधलेला नगर रस्त्यावरचा पॅलेस तर सारे पुणे पाहते. जो खरोखर आला त्याचा बहुधा काहीतरी कागद असतो, तारीख असते, निदान बंदराचे नाव तरी असते. आमच्या तांबोळ्याच्या, आत्ताराच्या, बागवानाच्या शजऱ्यात असते ती निव्वळ हौस.

ही हौस आजची नाही. गेल्या साली मी जुलाहा होतो, यंदा शेख झालो, धान्याला भाव आला तर पुढच्या साली सय्यद होईन, अशी एक जुनी उत्तर हिंदुस्थानी म्हण आहे. अश्राफ म्हणजे बाहेरून आलेले, अजलाफ म्हणजे इथलेच बाटलेले. पहिला कुलीन, दुसरा हलका. ही उतरंड आपण मुकाट्याने मान्य केली आणि मग वर चढण्यासाठी प्रत्येकाने अरबस्तानातून शिडी आणली. १८८५ सालच्या पुणे जिल्हा गॅझेटियरात इथल्या मुसलमानांचे धंदेवार वर्णन आहे. त्यात अनेक कारागीर जाती इथल्याच हिंदू जातींतून आल्या असे म्हटले आहे, आणि त्याला ठिकठिकाणी एक ठरावीक शेपूट जोडले आहे, की त्यांना औरंगजेबाने बाटवले. या शेपटाला पुरावा काय? साहेबाने विचारले, कारकुनाने सांगितले, छापून निघाले. गंमत अशी, की आपल्या लोकांनी शेपटाला आव्हान द्यायचे सोडून मूळ विधानच नाकारले. औरंगजेबाने बाटवले हे खोटे ठरवण्यापेक्षा आम्ही इथले नाहीच, असे सांगणे त्यांना सोपे वाटले.

शिवाय या शजऱ्यांत बाई नसते. अमुक बिन तमुक बिन अमका. घटकाभर मानू, की वीस पिढ्यांपूर्वी कोणी एक इसम बुखाऱ्याहून आला. वीस पिढ्या मागे गेले, की प्रत्येक माणसाच्या पूर्वजांच्या जागा होतात १०,४८,५७६. त्यातली एक जागा त्या बुखारीची. उरलेल्या दहा लाख जागांवर कोण होते? त्याने लग्न कोणाशी केले, त्याच्या मुलांनी कोणाच्या मुली केल्या? बीड, नगर, सोलापूरच्या मातीतल्या त्या बायकांनी ओव्या म्हटल्या, दळण दळले, पोरांना मराठी-दखनी बोलायला शिकवले. त्यांची नावे हिराबी, मलनबी, फुलाबी असतात म्हणून ती सोनेरी चौकटीत शोभत नाहीत. आजोबांचे नाव दगडू किंवा गुलाब असते, त्याचीही शजऱ्यात डागडुजी होते.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. "तुम्ही बाहेरचे, तुमचे पूर्वज आक्रमक, तुम्ही बाबराची औलाद" ही हाळी आपण किती वर्षे ऐकतो आहोत! ती ऐकून आपल्याला संताप येतो आणि यायलाच हवा. पण संताप आवरून त्या भिंतीवरच्या चौकटीकडे एकदा पाहावे. ती काय सांगते? आम्ही बाहेरचे. घोषणा देणारा आणि शजरा टांगणारा दोघेही एकच वाक्य बोलतात. एक शिवी म्हणून, दुसरा बिरुद म्हणून. आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच मढवून दिवाणखान्यात लावायचा आणि वर विचारायचे, की आम्हाला परके का समजतात, हे काय आहे?

पुण्यातल्या असंख्य मुस्लिम घरांचा खरा देशांतरित पूर्वज घोड्यावरून आला नाही, एस.टी.तून आला. कोणी फाळणीच्या धामधुमीनंतर आला, कोणी १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर निजामी मुलखातून आला, आणि फार मोठ्या संख्येने माणसे बहात्तरच्या दुष्काळात आली. बार्शी, करमाळा, परंडा, भूम, इंदापूर इथली. गावाकडे खडी फोडून, सुकडी खाऊन झाल्यावर ती इथे भवानी पेठेच्या लाकूडबाजारात, भाजीच्या गाड्यांवर, खडकीच्या कारखान्यात, पिंपरी-आकुर्डीच्या कंपन्यांत लागली. हा आपला खरा प्रवास आहे, आणि बुखाऱ्याच्या काफिल्यापेक्षा तो कमी हिकमतीचा नाही. पण शजऱ्याला तो चालत नाही, कारण त्यात गरिबी आहे, जात आहे, गाव आहे.

गाव विसरले तर काय बिघडले, असे विचारणाऱ्यांना आम्ही एक तारीख सांगतो : १३ ऑक्टोबर १९६७. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी हा मानीव दिनांक आहे. त्यापूर्वी आपले कुटुंब या राज्यात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, हे कागदाने दाखवावे लागते. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ गावोगाव नेली, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी तिच्यामागचा विचार मांडला आणि तांबोळी, बागवान, मोमीन, मन्यार, पिंजारी अशांना हक्काची दारे उघडली. पण दाराशी पुरावा मागतात. २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने तो देण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली आहे. बारावी झालेली मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज भरते तेव्हा तिला आजोबांची शाळा, आजोबांचे गाव, पणजोबांची नोंद लागते. घरात कोणाला सांगता येत नाही. आजोबा तांबोळी होते, पुण्यात आल्यावर शेख झाले. वडिलांच्या दाखल्यावर मास्तरांनी 'जात : मुसलमान' एवढेच लिहिले. मूळ गाव बार्शी की बिदर हेही नक्की नाही. आणि बहात्तर साली येणारा बिदरहून आला असेल तर सगळा मामलाच फिरतो, कारण बिदर कर्नाटकात. भिंतीवर हमदान आहे. पण कचेरीत हमदान चालत नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो : इस्लाममध्ये जात नाही, मग तुम्ही जात कशाला उकरता? तत्त्व म्हणून मान्य. पण हा आक्षेप घेणारे अनेकदा तेच असतात ज्यांना सय्यदाची मुलगी पिंजाऱ्याच्या घरी द्यायची नसते. ज्याला वंशाचा अभिमान मिरवायचा आहे त्याने दुसऱ्याला वंशाचा दाखला काढू नको म्हणावे, हा न्याय आम्हाला मंजूर नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कागद शोधणे म्हणजे आपण संशयित आहोत हे कबूल करणे, असे काही तरुण म्हणतात. आसाममध्ये जे झाले त्यामुळे ही भीती पोकळ नाही. तिथे २४ मार्च १९७१ पूर्वीच्या कागदाशी आपला वंशवृक्ष जोडून दाखवा असे लोकांना सांगितले गेले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९,०६,६५७ माणसे बाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. नावातल्या एका वेलांटीने बाप-लेकाचे नाते तुटले. नागरिकाकडून असा पुरावा मागणे अन्याय्य आहे, आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवे. पण निषेध करणाऱ्याच्या घरात कागद असला तर निषेधाचे बळ कमी होत नाही. आणि केवळ भीतीपोटी शोधू नये, असेही आमचे म्हणणे आहे. दुसऱ्याने विचारण्याआधी आपल्याला आपले माहीत असावे.

२०२३ साली महाराष्ट्राने एक विलक्षण दृश्य पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांच्या माळ्यांवरून जुनी बाडे खाली आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मराठवाड्यात तर निजामकालीन दप्तर उर्दूत, म्हणून उर्दू जाणणाऱ्यांचीही शोधाशोध झाली. मराठा समाजाने आपला पणजोबा कुणबी होता हे शोधताना कमीपणा मानला नाही. त्याच कपाटांत, त्याच कोतवाल बुकांत मुलाणी, आत्तार, मन्यार, शिकलगार यांच्याही जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. त्या पाहायला आपल्यातले किती गेले?

पुण्यात बसून याची लाज अधिक वाटावी, कारण कागदांचे आगर इथेच आहे. पुणे स्टेशनजवळच्या दगडी इमारतीत पेशवे दफ्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. दर्गे, मशिदी, काझी, खतीब, मुजावर, मुलाणी यांची इनामे आणि वतने, त्यांचे तंटे, इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशनपुढच्या कैफियती, हे सारे बहुतांशी मराठीत आणि मोडीत. म्हणजे आपल्या खानदानांचा लेखी इतिहास फारसीपेक्षा मराठीत अधिक असण्याची शक्यता आहे, आणि मराठी तर आपली भाषा. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकाने फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' छापले. भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहे. त्या वर्गांत आपली मुले किती? २०२५ च्या उत्तरार्धात वक्फ मालमत्तांची नोंद उमीद पोर्टलवर करायची वेळ आली तेव्हा विश्वस्त मंडळी सनदा घेऊन मोडी वाचक शोधत फिरली. सनद पेटीत होती, वाचणारा जमातीत नव्हता.

कागद नासतातही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांबरोबर ट्रंकाही वाहून गेल्या. पण पुराने नेले ते थोडे, आपल्या अनास्थेने घालवले ते फार.

वंशावळ शोधताना पुण्यात काय हाती लागते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. उत्तरेतल्या बांद्याच्या नवाबांचा शजरा काढला तर तो बगदादला जात नाही, शनिवारवाड्यात येतो. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७३४ चा, वाढला पुण्यात, १७६१ च्या पानिपतानंतर जखमांनी मेला. त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला आणि तिथे त्याने राज्य केले. त्याच घराण्यातला पुढचा अलीबहादूर १८५७ ला इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. इथे देशांतर पुण्याकडे नाही, पुण्याहून बाहेर आहे! आपल्या मुलांना हे कोणी सांगते का?

आणि फातिमा शेख. गंज पेठेतल्या ज्या उस्मान शेखांच्या घरी जोतीराव-सावित्रीबाईंनी आसरा घेतल्याचे सांगतात, त्यांच्याबरोबर हे नाव घेतले जाते. १० ऑक्टोबर १८५६ च्या सावित्रीबाईंच्या पत्रात तिचा उल्लेख आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमांवर जाहीर केले, की ही बाई आपणच निर्माण केलेले पात्र आहे. आपण खवळलो, लेख लिहिले, ते पत्र पुढे केले. बरोबरच केले. पण दीडशे वर्षांत तिचे माहेर, सासर, कबर, वंशज यांचा शोध या शहरातल्या आपल्या किती माणसांनी घेतला? बुखाऱ्याच्या बुजुर्गासाठी सोनेरी चौकट आहे, आणि गंज पेठेतल्या शिक्षिकेसाठी एका पत्रातली एक ओळ आहे, तीही दुसऱ्यांनी जपलेली.

बहात्तर साली विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांना गाव, तालुका, गल्ली, शाळा, मास्तरांचे नाव, कोणाच्या शेतावर कामाला होतो, आईचे माहेर कोणते, हे विचारून एका वहीत लिहून घ्यायला एक रविवार पुरतो. मग गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे, तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ पाहावा, जुने फेरफार पाहावेत, मशिदीच्या ट्रस्टची धर्मादाय कचेरीतली नोंद आणि काझींकडचे निकाहाचे रजिस्टर पाहावे. बार्शी इंग्रजी अमलात होती, तिथे मराठी-मोडी लागेल. परंडा तिथून फार लांब नाही, पण निजामाकडे होता, तिथे उर्दू लागेल. नकलेसाठी अर्ज करावा, त्यावर कोर्ट फीचे तिकीट लावावे, आणि अर्जावर आजोबांचे नाव जसे होते तसेच लिहावे : दगडू वल्द बाबालाल तांबोळी.